देवगिरीच्या दरबारातले ताल फ्रेंच सिंफनीत कसे पोहोचले? 'तुरंगलीला'ची गोष्ट

वांद्र्याच्या एखाद्या कॅफेत गेलात तर कोपऱ्यात टर्नटेबल ठेवलेलं दिसतं. शेजारी रेकॉर्डचा गठ्ठा असतो. जॅझ असतं, बीटल्स असतात, आर. डी. असतात. अशा गठ्ठ्यात कधी दोन रेकॉर्डचा एक जाडजूड संच हाती लागला आणि त्यावर रोमन अक्षरांत 'तुरंगलीला' असं लिहिलेलं दिसलं, तर दचकू नका. छपाईची चूक नाही. ही एका फ्रेंच संगीतकाराची सिंफनी आहे आणि तिचं नाव खरोखरच संस्कृत आहे.

हे नाव जिथून आलं ती जागा वांद्र्याहून फार लांब नाही. रात्री दादरला जाऊन देवगिरी एक्सप्रेस पकडायची, की सकाळी तुम्ही तिथे.

हो, तोच देवगिरी. दौलताबादचा किल्ला.

सोशल मीडियावर या सिंफनीबद्दल दोन टोकाच्या गोष्टी बोलल्या जातात. एक म्हणजे 'बघा, युरोपची सिंफनी आपल्याच संगीतातून निघाली'. दुसरी म्हणजे 'आपलं चोरलं आणि नाव कमावलं'. दोन्ही ऐकायला भारी वाटतात. पण खरी गोष्ट या दोन्हींपेक्षा जास्त मजेशीर आहे. ती नीट समजून घेऊ.

आधी देवगिरीला जाऊ

तेराव्या शतकाचा पूर्वार्ध. देवगिरीवर यादवांचं राज्य. राजा सिंघण दुसरा. त्याची कारकीर्द साधारण १२१० ते १२४७ अशी धरली जाते. तो गेल्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी लिहिली गेली. काळाचा अंदाज यावा म्हणून हे सांगितलं.

सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. त्याचं घराणं मूळचं काश्मीरचं. आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत लागले. दरबारच्या दप्तराचं आणि हिशेबाचं काम या घराकडे होतं. त्या खात्याला 'श्रीकरण' म्हणत. पुढे ज्याच्या नावाने आपण हेमाडपंती देवळं ओळखतो तो हेमाद्री याच खात्याचा प्रमुख झाला.

म्हणजे शार्ङ्गदेव हा आजच्या भाषेत मंत्रालयातल्या अकाउंट्सचा माणूस. त्याने 'संगीतरत्नाकर' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात सात अध्याय आहेत: स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य. भारतीय संगीतावरच्या सगळ्यात महत्त्वाच्या ग्रंथांत त्याचं नाव घेतलं जातं. उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे, दोन्ही परंपरांचे अभ्यासक त्याचा आधार घेतात.

आपल्या कामाचा आहे तो पाचवा, तालाचा अध्याय. त्यात शार्ङ्गदेवाने १२० देशी तालांची यादी दिली आहे. 'मार्ग' म्हणजे जुने, शास्त्राने बांधलेले ताल. 'देशी' म्हणजे निरनिराळ्या प्रदेशांत रुळलेले. हिशेबनीसाला शोभेल अशी ही यादी आहे. प्रत्येक तालाचं नाव आणि त्यातल्या कालमात्रांचा क्रम. त्यातलाच एक ताल म्हणजे 'तुरंगलील'.

हे ताल लिहिले कसे होते?

इथे शाळेतलं व्याकरण आठवा. वृत्त ओळखायला आपण अक्षरांवर लघु-गुरूच्या खुणा करायचो ना? ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ अक्षर गुरू. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन.

देशी ताल याच विटांनी बांधलेले आहेत. फक्त विटांचे आकार जास्त आहेत. लघूच्या निम्मा तो द्रुत. लघूच्या दुप्पट तो गुरू. तिप्पट तो प्लुत. शिवाय 'विराम' नावाची एक खूण. द्रुताला विराम जोडला की तो दीडपट लांबतो.

एक उदाहरण घेऊ. 'ढेंकी' नावाचा ताल आहे: गुरू, लघु, गुरू. 'मालती' हा शब्द म्हणून बघा. मा लांब, ल छोटा, ती लांब. झाला तुमचा ढेंकी ताल.

आता आजच्या तालाशी तुलना करा. आपल्याला माहीत असलेला तीनताल म्हणजे १६ मात्रांचं आवर्तन. त्याला ठेका आहे, टाळी आहे, खाली आहे, समेवर यायची ओढ आहे. शार्ङ्गदेवाच्या यादीत आपल्याला दिसतात त्या मुख्यतः लांब-आखूड काळाच्या ओळी. तबल्याचे बोल नाहीत. ते ताल कुणी, किती लयीत आणि कसे वाजवायचे, तो नाद कागदावर उतरलेला नाही. पुढे प्रत्यक्ष गाण्या-वाजवण्यातून यातले बहुतेक ताल मागे पडले. ग्रंथ राहिला, वापर सुटला.

मग पॅरिसमध्ये कसे गेले?

छापखान्यामुळे.

पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने १८९६-९७ मध्ये 'संगीतरत्नाकर' कल्लिनाथाच्या टीकेसह छापला. मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी तो संपादित केला होता. हस्तलिखितांत अडकलेला ग्रंथ आता अभ्यासकाला टेबलावर उघडून वाचता येऊ लागला.

त्यानंतर १९१३ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर लाविन्याक यांच्या संगीत विश्वकोशात भारतीय संगीतावर एक मोठा लेख आला. लेखक होते जोआनी ग्रोसे, संस्कृतचे जाणकार. त्यांनी याआधी भरताच्या नाट्यशास्त्रावरही काम केलं होतं. या लेखात शार्ङ्गदेवाच्या १२० देशी तालांचा पूर्ण तक्ता होता, तोही पाश्चात्त्य नोटेशनमध्ये मांडलेला.

हा तक्ता एका तरुणाच्या हाती लागला. ऑलिव्हिए मेसियाँ, जन्म १९०८. पॅरिसमधल्या एका चर्चमध्ये तो ऑर्गन वाजवायचा. देवावर आणि पक्ष्यांवर त्याचं भयंकर प्रेम. संगीतातल्या लयीचा त्याला ध्यास होता. युरोपच्या संगीतात लय बहुतेक वेळा 'एक-दोन-तीन-चार' अशा समान ठोक्यांत चालते. मेसियाँला त्यातून सुटायचं होतं. या तक्त्यात त्याला वाट सापडली.

त्याने या तालांतून घेतलं तरी काय?

तीन गोष्टी सांगतो. संगीत शिकलेलं नसलं तरी कळतील.

पहिली: एक उंच पायरी. रेल्वेच्या पुलाचा जिना चढताना सगळ्या पायऱ्या सारख्या असतात. मध्येच एक पायरी जरा उंच लागली की पाय अडखळतो आणि आपण जागे होतो. मेसियाँ सरळ चालणाऱ्या लयीत मध्येच एखादी छोटी मात्रा किंवा अर्धी मात्रा जास्तीची घालतो. याचा धागा त्याला 'रागवर्धन' नावाच्या देशी तालात सापडला, असं त्याने लिहून ठेवलं आहे. आपली ती विरामाची खूण आठवते ना? तीच गंमत.

दुसरी: उलटी वाचली तरी तीच. 'रामाला भाला मारा' हे वाक्य कुठूनही वाचा, तेच. 'मालती' हा शब्द उलटा वाचला तर अर्थ जाईल, पण लय तीच राहील: गुरू, लघु, गुरू. 'यशोदा'चं तसं नाही. लघु, गुरू, गुरू हे उलटं केलं की गुरू, गुरू, लघु होतं. ढेंकीसारख्या तालात मेसियाँला ही गोष्ट दिसली. पुढून आणि मागून सारख्या असणाऱ्या लयी त्याच्या संगीताची ओळख बनल्या. अशी लय ऐकताना काळ पुढे जातोय की जागीच थांबलाय, हा प्रश्न पडतो. मेसियाँला नेमकं तेच हवं होतं.

तिसरी: न जुळणाऱ्या दोन गाड्या. दुसऱ्या महायुद्धात मेसियाँ जर्मनांच्या हाती सापडला. गोर्लिट्झजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याने चार वाद्यांसाठी एक रचना पूर्ण केली आणि १५ जानेवारी १९४१ रोजी ती कैद्यांसमोर वाजवली. तिच्या पहिल्या भागात पियानोची लय १७ काळांची आहे. रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन देशी ताल जोडून ती बनवली आहे. त्याच पियानोवर स्वरांचे २९ गुच्छ एकामागून एक फिरत राहतात.

आता समजा, वांद्र्याहून एक गाडी दर १७ मिनिटांनी सुटते आणि दुसरी दर २९ मिनिटांनी. आत्ता दोन्ही एकदम सुटल्या. पुन्हा एकदम कधी सुटतील? १७ गुणिले २९, म्हणजे ४९३ मिनिटांनी. आठ तासांहून जास्त. मेसियाँची लय आणि स्वर असेच एकमेकांना चुकवत राहतात. पूर्ण मेळ बसायच्या आधीच तो भाग संपतो. जणू एखादी न संपणारी गोष्ट आपण खिडकीतून थोडाच वेळ पाहिली.

कैद्यांच्या छावणीत, कडाक्याच्या थंडीत, देवगिरीच्या यादीतले तीन ताल वाजत होते. ही गोष्ट आपल्याकडे किती जणांना माहीत असते?

आता 'तुरंगलीला'

युद्ध संपल्यावर बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख सर्गेई कुसेवित्स्की यांनी मेसियाँकडे एक रचना मागितली. १९४६ ते १९४८ या काळात त्याने ती लिहिली. दहा भाग, साधारण ७५ ते ८० मिनिटं. वांद्र्याहून विरार स्लो पकडली तर विरार येईपर्यंत सिंफनी जेमतेम संपते.

शंभरेक वादक, सोबत अवघड पियानो आणि 'ओंद मार्तेनो' नावाचं विजेवर चालणारं वाद्य. मॉरिस मार्तेनो यांनी ते १९२८ मध्ये लोकांसमोर आणलं. त्याचा आवाज माणसाच्या गळ्यासारखा घसरत जातो, जुन्या सायन्स फिक्शन सिनेमातल्यासारखा. रेडिओहेड बँडचा जॉनी ग्रीनवूड शाळकरी वयात 'तुरंगलीला' ऐकूनच या वाद्याच्या प्रेमात पडला.

नावाचा अर्थ मेसियाँ असा सांगायचा: तुरंग म्हणजे घोड्यासारखा धावणारा काळ. लीला म्हणजे खेळ. निर्मितीचा, विनाशाचा, प्रेमाचा खेळ. युरोपातल्या त्रिस्तान आणि इझोल्डच्या प्रेमकथेची सावली या सिंफनीवर आहे.

२ डिसेंबर १९४९ रोजी बॉस्टनमध्ये पहिला प्रयोग झाला. कुसेवित्स्की आजारी होते, म्हणून तरुण लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी तो चालवला. पियानोवर होती इव्हॉन लोरिओ. पुढे ती मेसियाँची पत्नी झाली.

रेकॉर्डचा यात काय संबंध?

खूप मोठा आहे.

७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर चारेक मिनिटांचं संगीत मावायचं. आपल्याकडच्या गायकांनाही राग तीन-चार मिनिटांत आटपावा लागायचा, तो याच कारणाने. त्या हिशेबाने 'तुरंगलीला'ला नऊ-दहा तबकड्या लागल्या असत्या आणि दर चार मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागली असती. ४९३चा हिशेब मांडणाऱ्या माणसाच्या संगीताचे त्यात तुकडेच झाले असते.

१९४८ मध्ये, म्हणजे सिंफनी लिहून झाली त्याच वर्षी, अमेरिकेत ३३ फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड बाजारात आली. एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटं. 'तुरंगलीला' आता दोन रेकॉर्डमध्ये बसू शकत होती.

१९६१ मध्ये मॉरिस ल रू यांनी फ्रेंच रेडिओच्या राष्ट्रीय ऑर्केस्ट्रासोबत केलेलं ध्वनिमुद्रण फ्रान्सच्या व्हेगा कंपनीने काढलं. १९६७ मध्ये सेइजी ओझावा यांनी टोरांटोच्या ऑर्केस्ट्रासोबत आरसीएसाठी केलेलं ध्वनिमुद्रण जगभर गाजलं. १९९० मध्ये म्युंग-व्हुन चुंग यांनी पॅरिसच्या बास्तिय ऑपेराच्या ऑर्केस्ट्रासोबत डॉइच ग्रामोफोनसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला तर खुद्द मेसियाँ हजर होता. तिन्हींत पियानोवर इव्हॉन आणि ओंद मार्तेनोवर तिची बहीण जान. म्हणजे संगीतकाराला जे ऐकू येत होतं ते त्याच्या घरच्या दोन वादकांनी तीस वर्षं रेकॉर्डवर जपलं.

इथे शार्ङ्गदेवाची आठवण येते. त्याच्याकडे फक्त लेखणी होती. काळाचे आकडे तो लिहू शकला, नाद लिहू शकला नाही. ते ताल वाजवणारे हात गेले आणि नाद त्यांच्यासोबत गेला. मेसियाँचा नाद मात्र त्याच्या माघारी तसाच वाजतोय.

मग हे 'आपलं' संगीत आहे का?

स्पष्ट सांगायचं तर, नाही.

'तुरंगलीला'त राग शोधाल तर सापडणार नाही. तबला, पखवाज, सतार काहीच नाही. ताल आहेत, पण ते आवर्तन धरून समेवर येत नाहीत. ते इतर लयींसोबत एकावर एक रचले जातात, ताणले जातात, आखडले जातात. काही भागांत तालवाद्यांच्या तीन ओळी एकदम चालतात: एक वाढत जाते, एक आकसत जाते, एक आहे तशीच राहते. शार्ङ्गदेवाने ऐकलं असतं तर त्याला स्वतःचे ताल ओळखू आले असते का, शंकाच आहे.

मेसियाँला हे ताल एका छापील तक्त्यातून मिळाले, गुरूकडून नाही. पखवाजियासमोर बसून हातावर टाळी देत तो शिकला नाही. त्यामुळे काही गोष्टी निसटल्या. ताल म्हणजे नुसती काळाची मापं नव्हेत, ती गाणाऱ्या-नाचणाऱ्यांची एकत्र यायची जागा असते, हे तक्त्यात दिसत नाही. एक गमतीची खूण सांगतो: 'लक्ष्मीश' हे नाव मेसियाँ रोमन लिपीत लिहायचा तेव्हा त्यात एक 'क' जास्तीचा असायचा, 'लक्स्क्मीश' असा. ऐकून शिकलेला माणूस ही चूक करत नाही. वाचून शिकलेला करतो.

मग चोरी म्हणायची का?

तीही नाही. १९४४ मध्ये मेसियाँने स्वतःच्या संगीतभाषेवर पुस्तक लिहिलं. त्यात सुरुवातीलाच तो शार्ङ्गदेवाचं नाव घेतो आणि रागवर्धन तालातून आपल्याला काय मिळालं ते उलगडून सांगतो. पॅरिसच्या संगीत विद्यालयात तो शिकवायचा, तेव्हा देशी ताल त्याच्या वर्गात असायचे. पिअर बुलेझसारखे पुढे मोठे झालेले संगीतकार त्याच्याकडे शिकले. तेराव्या शतकातल्या एका ग्रंथकाराचं नाव त्याने विसाव्या शतकातल्या युरोपच्या वर्गात फळ्यावर नेलं.

आणि या गोष्टीत एक मुंबईकरही आहे. मेसियाँ एप्रिल १९९२ मध्ये गेला. त्याने पूर्ण केलेली शेवटची मोठी ऑर्केस्ट्रा रचना त्यानंतर, ५ नोव्हेंबर १९९२ रोजी, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने पहिल्यांदा वाजवली. ऑर्केस्ट्रा चालवत होते झुबिन मेहता. १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेले, बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणाऱ्या मेहली मेहतांचे चिरंजीव.

प्रश्न आपल्याकडेच येतो

फ्रान्समध्ये संगीत शिकणाऱ्या मुलाला शार्ङ्गदेव हे नाव मेसियाँमुळे भेटतं. आपल्याला ते कुठे भेटतं? आपण देवगिरीला जातो ते भुलभुलैया बघायला, चांदमिनारसमोर फोटो काढायला. यादव म्हटलं की हेमाडपंत आठवतो. त्याच दरबारात बसून कुणीतरी १२० ताल मोजून लिहिले, हे आठवत नाही. असं नाही की ग्रंथ मिळत नाही. ग. ह. तारळेकरांनी 'संगीतरत्नाकर'चा मराठी अनुवाद करून ठेवला आहे.

'आमचंच आहे' असं म्हणणं सोपं असतं. पण आपलं म्हणायचं तर निदान उघडून बघायला हवं. मेसियाँने परक्या भाषेतला तक्ता उघडला, त्यात चुका केल्या, अर्धवट समजून घेतला, पण आयुष्यभर त्याच्यासोबत राहिला. फॉरवर्ड करणाऱ्यांनी तेवढंही केलेलं नसतं.

ऐकायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

पूर्ण ८० मिनिटं एका दमात ऐकू नका, डोकं गरगरेल. आधी सहावा भाग ऐका. तो संथ आहे. तारवाद्यं हळूहळू सरकत असतात आणि पियानोवर पक्षी बोलत असतात. मग पाचवा भाग लावा, तो नुसता जल्लोष आहे. हेडफोनचा आवाज जरा कमी ठेवा. नंतर तिसरा, सातवा आणि नववा, म्हणजे 'तुरंगलीला' एक, दोन आणि तीन. लयीचा खरा खेळ तिथे आहे. ऐकताना ठोका पकडायचा प्रयत्न करा. तो सुटेल. सुटला की समजा, बरोबर ऐकताय.

आणि रेकॉर्ड नसेल, कॅफेही नसेल, तर लोकलमध्ये बसल्या बसल्या बोटाने एवढं करा. मा-ल-ती. लांब, आखूड, लांब. पुन्हा एकदा. मग उलटं. देवगिरीतून पॅरिसला गेलेल्या यादीतला एक ताल तुमच्या हातावर वाजलेला असेल.